पाण्याच्या सगळ्या चाचण्या ठीक असूनही चेरी श्रिंप मरत आहेत. कारण कुठे शोधावे?

हिरवीकाच (पुणे), प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे ४० लिटरची काचेची टाकी आहे आणि तिच्यात लाल चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी) व रॅम्सहॉर्न जातीच्या गोगलगायी एवढेच जीव आहेत; मासा एकही नाही. टाकी हिवाळ्यात उभी केली, अमोनिया मोडणाऱ्या जिवाणूंचे चक्र नीट बसेपर्यंत ती तशीच चालू ठेवली आणि मगच श्रिंप सोडले. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, भरपूर जावा मॉस आणि थोडी क्रिप्टोकोरीन या पाणवनस्पती, तळाला बारीक वाळू आणि देशी बदामाची एक-दोन वाळलेली पाने अशी साधी मांडणी आहे.

उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत सर्व काही उत्तम चालले होते. माद्या अंडी धरत होत्या आणि मॉसमध्ये पिल्ले दिसत होती. पावसाळा सुरू झाल्यापासून मात्र जवळजवळ रोज एखाद-दुसरा श्रिंप मेलेला आढळतो, आणि बहुतेक वेळा तो सकाळीच आढळतो. पाण्याचे आकडे असे आहेत: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १० पीपीएम, पीएच ७.४, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारी कठीणता) ७, केएच (कार्बोनेटची कठीणता) ४, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) २१० आणि तापमान २५ ते २६ अंश. पाणी महापालिकेच्या नळाचे आहे. ते बादलीत भरून त्यात क्लोरीन काढणारे द्रावण घालते, खनिजांची पावडर मिसळून टीडीएस जुळवते आणि दुसऱ्या दिवशी थेंबाथेंबाने टाकीत सोडते. आठवड्याला साधारण १५ टक्क्यांहून अधिक पाणी कधी बदललेले नाही. पावसाळ्यात धरणाचे पाणी गढूळ होते आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन वाढवला जातो हे ठाऊक असल्यामुळे द्रावणाचे प्रमाणही थोडे वाढवून पाहिले, परंतु फरक पडला नाही.

मोठे श्रिंप मरतात तसे छोटेही मरतात आणि गोगलगायी मात्र अगदी मजेत आहेत. आणखी कोणती चाचणी करावी हे मला सुचत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

काचतळे (ठाणे)

ताई, आपण आकडे व्यवस्थित दिलेत त्याबद्दल आभार, कारण निम्म्या प्रश्नांत ते नसतात आणि मग सगळेच अंदाजाने बोलतात.

आपल्याकडे श्रिंप अचानक मरण्याचे सर्वांत मोठे कारण मी आजवर जे पाहिले आहे ते कात टाकताना होणारी अडचण हे आहे, म्हणून आधी ती शक्यता तपासून बाजूला ठेवू. मुंबई, ठाणे आणि पुणे या शहरांना पाणी येते ते पावसाने भरणाऱ्या तलावांतून व धरणांतून, त्यामुळे ते मुळात मृदू असते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी असल्यामुळे नुसत्या नळाच्या पाण्यावर ठेवलेल्या श्रिंपचे कवच नीट घडत नाही. अशा श्रिंपच्या मानेमागे, डोक्याचे कवच आणि धड जिथे जुळतात तिथे, पूर्ण गोल पांढरी पट्टी दिसू लागते. निरोगी श्रिंपचे कवच पाठीकडून उकलते आणि तो एका झटक्यात मागच्या मागे बाहेर निसटतो. पट्टी सभोवार पडली असेल तर कवच तिथेच तुटते, श्रिंप अर्धा आत व अर्धा बाहेर अडकतो आणि थोड्याच वेळात मरतो. खनिजांची कमतरता हे याचे एक कारण झाले. दुसरे कारण म्हणजे एकदम बरेच पाणी बदलणे, कारण टीडीएस अचानक बदलला की तयारी झालेली नसतानाच श्रिंप कात टाकू लागतात.

आपला जीएच ७ आहे आणि पाणीही आपण थोडे थोडे बदलता, त्यामुळे हे कारण आपल्याकडे असेल असे मला फारसे वाटत नाही. तरीही मेलेल्या श्रिंपच्या मानेमागे नीट पाहावे आणि अंगाचा रंगही सांगावा. शेपटीकडचे मांस दुधासारखे पांढरे पडले असेल तर संसर्गाचा विचार करावा लागेल. पोटाखाली, पोहण्याच्या पायांमध्ये हिरवट लव दिसली तर तो परजीवी आहे, आणि तोंडापाशी पांढरे बारीक तंतू हलताना दिसले तर तो वेगळा जीव आहे, ज्यावर मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवण्याचा उपाय चालतो.

एक प्रश्न राहिला. बादलीत गिझरचे गरम पाणी कधी मिसळता का? काही गिझरमध्ये आणि जुन्या नळजोडणीत तांबे असते, आणि तांबे श्रिंपना फार थोड्या प्रमाणातही बाधते.

विदर्भजल (नागपूर)

आमच्याकडे अशा तक्रारी एप्रिल-मे महिन्यांत येतात, कारण खोलीतली टाकी ३२-३३ अंशांपर्यंत जाते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास उतरतो, आणि नेमक्या त्याच वेळी श्रिंपची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. त्यातच पाणी आटते, माणूस वरून पुन्हा नळाचेच पाणी भरतो, वाफ होताना खनिजे मागेच राहतात आणि टीडीएस हळूहळू चढत जातो. म्हणून आटलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालावी. तुमचे तापमान २६ आणि टीडीएस २१० असताना यांतले काही लागू होत नाही.

वयाचा मुद्दाही अनेकजण विसरतात. चेरी श्रिंपचे आयुष्य वर्ष-दोन वर्षांचे असते आणि दुकानातून आपण पूर्ण वाढलेलेच आणतो, त्यामुळे काही महिन्यांनी एकेक जाऊ लागले तर ते नैसर्गिकही असू शकते. पण तुमच्याकडे छोटेही मरत आहेत, म्हणजे तेही नव्हे.

रसायनवाट (नाशिक)

मला या प्रश्नातल्या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्याशा वाटतात: मृत्यू पावसाळ्यात सुरू झाले, ते सकाळी आढळतात आणि गोगलगायींना काहीही झालेले नाही.

तांबे असते तर गोगलगायींनाही त्याचा त्रास झाला असता. त्या कवचात मिटून बसल्या असत्या, पाण्याबाहेर चढू लागल्या असत्या किंवा मेल्या असत्या. अमोनिया, नायट्राइट किंवा प्राणवायूची कमतरता असती तरी त्याचे काहीतरी चिन्ह सर्वच जिवांवर दिसले असते. गोगलगाय सुखरूप राहते आणि श्रिंप मात्र मरतात असे जेव्हा होते, तेव्हा माझे लक्ष प्रथम कीटकनाशकांकडे जाते. श्रिंप आणि डास हे दोघेही संधिपाद प्राणी आहेत. डासाच्या मज्जातंतूंवर जे रसायन काम करते तेच श्रिंपच्या मज्जातंतूंवरही करते, आणि पाण्यात राहणाऱ्या जिवाला ते अखंड स्पर्श करत असल्यामुळे त्याची मात्रा कितीतरी कमी असली तरी पुरते.

तेव्हा विचारतो. ज्या खोलीत टाकी आहे तिथे डासांसाठी विजेवर चालणारे लिक्विडचे मशीन, कॉइल किंवा डास पळवणारी अगरबत्ती लावता का? बाटलीमागचा मजकूर वाचून पाहा. ट्रान्सफ्लुथ्रिन, प्रॅलेथ्रिन, ॲलेथ्रिन यांपैकी एखादे नाव तिथे असेल. ही सगळी पायरेथ्रॉइड गटातली रसायने आहेत. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात सापडणाऱ्या नैसर्गिक कीटकनाशकाच्या धर्तीवर ती बनवलेली आहेत. माणसाचे शरीर ती लवकर मोडून टाकते, म्हणून घरात वापरण्याची परवानगी आहे. मासे त्यांना फार नाजूक असतात आणि श्रिंप त्याहूनही.

आता एअर पंपाचा विचार करा. मिनिटाला २ लिटर हवा ढकलणारा अगदी छोटा पंप रात्रीच्या १० तासांत १२०० लिटर हवा तुमच्या टाकीतून बुडबुड्यांच्या रूपाने काढतो. खिडक्या बंद असलेल्या खोलीत मशीन रात्रभर चालू असेल तर ही सगळी औषध मिसळलेली हवा असते, आणि पायरेथ्रॉइड पाण्यात फार विरघळत नसले तरी स्पंज, शेवाळ, पाने व गाळ यांना चिकटून साठत जातात. बाजारातल्या कोणत्याही टेस्ट किटमध्ये याची चाचणी नसते. अमोनियाची आणि नायट्राइटची पट्टी स्वच्छ येते आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

आणखी एक गोष्ट कृपया सांगा: श्रिंप मरण्यापूर्वी कसे वागतात? आधी टाकीभर सैरावैरा पोहून मग पाठीवर किंवा कुशीवर पडतात का, आणि पडल्यावरही पाय थरथरत राहतात का?

हिरवीकाच (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. आपण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने देते.

पांढरी पट्टी एकाही श्रिंपवर दिसली नाही, मांस पांढरे पडलेले नाही, पोटाखाली लव नाही आणि गिझरचे पाणी मी कधीच वापरत नाही. टाकी झोपण्याच्या खोलीत आहे. घरात लहान मूल आहे आणि आमच्या भागात पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण आढळतात, म्हणून संध्याकाळी खिडक्या लावून लिक्विडचे मशीन सुरू करतो आणि ते सकाळपर्यंत चालू असते. बाटलीवर ट्रान्सफ्लुथ्रिन असेच लिहिले आहे. उन्हाळ्यात पंखा आणि उघड्या खिडक्या यांमुळे ते फारसे लागत नव्हते. शिवाय सोसायटीत महापालिकेची धूरफवारणीही अधूनमधून होते.

वागण्याचे वर्णन वाचून मी थबकले, कारण अगदी तसेच घडते. श्रिंप एकाएकी वरखाली पोहू लागतो, काचेवर आपटतो, नंतर कुशीवर पडतो आणि बराच वेळ त्याचे पाय हलत राहतात. त्याचा लाल रंग तोवर टिकून असतो. मी हे कात टाकण्याचे लक्षण समजत होते.

मशीन पूर्ण बंद करणे मुलामुळे मला जमण्यासारखे नाही. आणि हे कारण खरेच आहे याची खात्री कशी करावी?

रसायनवाट (नाशिक)

खात्री करण्यासाठी काचेच्या दोन बरण्या घ्याव्यात आणि दोन्हींत सारखेच, नव्याने तयार केलेले पाणी भरावे. प्रत्येकीत दोन-तीन श्रिंप ठेवून एक बरणी झोपण्याच्या खोलीत त्याच पंपाला जोडावी आणि दुसरी मशीन नसलेल्या खोलीत दुसऱ्या पंपावर ठेवावी. फक्त खोलीतल्या बरणीत मृत्यू झाले तर दोष हवेत आहे, दोन्हींत झाले तर तो नळाच्या पाण्यात किंवा श्रिंपमध्येच आहे, आणि एकीतही झाले नाहीत तर टाकीच्या वाळूत, स्पंजमध्ये किंवा नव्या रोपात काहीतरी शिरलेले आहे असे समजावे. बरणीत जिवाणू नसतात, म्हणून त्या काळात खाद्य अजिबात घालू नये.

काचतळे (ठाणे)

या प्रयोगातला तर्क मला मान्य आहे, परंतु त्यातला एक भाग मला पटत नाही. ज्या हवेत श्रिंप मरत असल्याचा आपल्याला इतका दाट संशय आहे, त्याच हवेत मुद्दाम आणखी दोन-तीन जीव ठेवायचे कशासाठी? लक्षणे जुळतात, ऋतू जुळतो, रसायनाचे नावही जुळते. जे उरले आहेत ते सगळेच श्रिंप ताईंनी दुसऱ्या खोलीत हलवावेत. मृत्यू थांबले तर कारण हवेत होते की टाकीतल्या एखाद्या वस्तूत, एवढाच प्रश्न मागे राहील, आणि त्याचे उत्तर मिळायला उशीर झाला तरी कोणाचे नुकसान होणार नाही.

हलवताना मात्र घाई नको. टबातल्या नव्या पाण्याचा टीडीएस आणि तापमान जुन्या पाण्याशी जुळवून घ्यावे आणि तास-दोन तास नळीतून थेंब थेंब सोडत श्रिंपना त्याची सवय करावी. विषाने अशक्त झालेल्या जिवाला पाण्यातला अचानक बदल अजिबात सोसत नाही. जुना स्पंज त्या टबात घालू नये. कोणाकडे चालू टाकीतला मुरलेला, म्हणजे जिवाणू वसलेला स्पंज मिळाला तर तोच आणावा.

रसायनवाट (नाशिक)

हे म्हणणे रास्त आहे. खोलीतली बरणी वगळावी.

मुलाच्या बाबतीत तडजोड करू नये हे तर उघडच आहे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे खिडक्यांना बारीक जाळी बसवणे आणि कुंड्यांच्या थाळ्यांत पाणी साचू न देणे हे मशीन लावण्याइतकेच आवश्यक आहे. रात्रीसाठी मच्छरदाणी उत्तम. एवढे करूनही मशीन लावावे लागले तर ते लावावे आणि टाकीच दुसरीकडे न्यावी.

विदर्भजल (नागपूर)

विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण ही चूक मी पाहिली आहे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून सरकारी यंत्रणा साठलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडतात, तो उपाय वाचून काही लोक श्रिंपच्या टाकीतही गप्पी सोडतात. मोठ्या श्रिंपना गप्पी काही करत नाही, पण नुकतीच जन्मलेली पिल्ले तो वेचून खातो.

दुसरे असे, की नर्सरीतून आणलेल्या पाणवनस्पतींवरही कीटकनाशक असू शकते. नवे रोप वेगळ्या बादलीत ठेवून, त्यातले पाणी रोज बदलत काही दिवस जाऊ द्यावेत आणि मगच ते टाकीत लावावे. कुत्र्या-मांजराच्या अंगावर गोचिडांचे औषध लावलेल्या हाताने टाकीत काम करू नये. झुरळांची फवारणी करायला माणूस येणार असेल तर आदल्या दिवशीच टाकीची सोय करून ठेवावी.

हिरवीकाच (पुणे)

सर्वांना कळवण्यासाठी पुन्हा लिहीत आहे. उरलेले श्रिंप बैठकीच्या खोलीत एका मोठ्या टबात हलवले. त्या खोलीत मशीन लावत नाही. मैत्रिणीच्या जुन्या टाकीतला स्पंज आणि तिच्याकडचेच मॉस आणले, पाणी त्याच नळाचे आणि तीच खनिज पावडर घालून वापरले. हलवल्यानंतर सुरुवातीला आणखी काही श्रिंप गेले, पण नंतर मृत्यू थांबले आणि आता बऱ्याच आठवड्यांत एकही मेलेला नाही. एका मादीच्या पोटाखाली पुन्हा अंडी दिसत आहेत. पाणी आणि पावडर तीच असल्यामुळे त्यांच्यावरचा माझा संशय पूर्णपणे गेला.

मूळ टाकी गोगलगायींसह झोपण्याच्या खोलीत तशीच चालू आहे. ती बैठकीच्या खोलीत आणून पुन्हा वापरात घ्यायची आहे. ती कशी स्वच्छ करावी, आणि श्रिंप तिच्यात केव्हा सोडावेत?

रसायनवाट (नाशिक)

फार चांगली बातमी. शेवटी गेलेले श्रिंप आधीच बाधलेले असावेत, त्यासाठी टबाला दोष देऊ नये.

टाकीबद्दल सांगायचे तर जे स्वस्त आहे आणि रसायन धरून ठेवते ते सरळ टाकून द्यावे: स्पंज, हवेची प्लास्टिकची नळी, एअर स्टोन आणि बदामाची पाने. वाळू काढून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी आणि उन्हात पसरावी. तिचे प्रमाण थोडे असेल तर नवीच आणणे बरे. काच साध्या पाण्याने पुसावी, साबण लावू नये. क्रिप्टोकोरीनची जुनी पाने कापून मुळे धुऊन ती ठेवता येईल, जुने मॉस मात्र मी ठेवणार नाही, कारण त्याच्या बारीक फांद्यांत अडकलेला गाळ निघत नाही. नंतर टाकी नव्या पाण्याने भरून त्यात ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवावी. पायरेथ्रॉइड कार्बनला चांगले धरतात. दोन-तीन आठवड्यांनी ती पिशवी बदलावी. गोगलगायी आतच राहू द्याव्यात आणि त्यांना थोडे खाद्य घालत राहावे, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळत राहील. टबातल्या स्पंजसोबत आणखी एक नवा स्पंज आताच लावून ठेवा, तो मुरला की टाकीत न्या.

श्रिंप सोडताना सगळे एकदम सोडू नका. आधी चार-पाच सोडावेत आणि त्यांनी किमान एकदा तरी कात टाकलेली पाहावी, कारण कात टाकल्यावर कवच मऊ असते आणि त्या काळात श्रिंप विषाला सर्वांत जास्त उघडा असतो. मोठ्या श्रिंपना कात टाकायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा. टाकलेली कात आत तशीच राहू द्या. ते ती खातात आणि त्यातली खनिजे पुन्हा वापरतात.

काचतळे (ठाणे)

पंपाबद्दल थोडे लिहितो, कारण बैठकीची खोली वेगळी असली तरी घरातली हवा दारातून फिरतच असते. झोपण्याच्या खोलीचे दार रात्री बंद ठेवावे. पंप टाकीशेजारीच असला पाहिजे असे नाही. नळी लांब घेऊन तो स्वच्छ हवा असलेल्या ठिकाणी, शक्यतो पाण्याच्या पातळीहून वर ठेवावा आणि नळीत उलटे पाणी रोखणारा व्हॉल्व्ह बसवावा, म्हणजे वीज गेल्यावर टाकीतले पाणी पंपात उतरणार नाही.

धूरफवारणीची गाडी सोसायटीत शिरल्याचा आवाज आला की खिडक्या लावाव्यात, पंप बंद करावा आणि टाकीवर प्लास्टिकची पातळ फिल्म ताणून बसवावी. श्रिंप थोडे आणि वनस्पती भरपूर असतील तर २६ अंशांच्या पाण्यात तास-दोन तास हवा नसली तरी बिघडत नाही. मात्र रात्रभर पंप बंद ठेवू नये, कारण अंधारात वनस्पतीही प्राणवायू वापरतात. धूर ओसरल्यावर आधी खिडक्या उघडून खोली मोकळी करावी, पंप त्यानंतर सुरू करावा.

हिरवीकाच (पुणे)

व्हॉल्व्ह आणि कार्बन दोन्ही मागवले आहेत, आणि खिडक्यांच्या जाळीचे माप घ्यायला या रविवारी माणूस येणार आहे. पहिल्या चार-पाच श्रिंपनी टाकीत कात टाकली की इथेच कळवीन.